आधी हवेला हात घाल, मग सरपणाला नावं ठेव

सरपण पुरत नाही म्हणे! पोतंभर बंबफोड बघता बघता संपते, पाणी घरातल्या सगळ्यांना पुरत नाही, आणि दोष कुणाचा? परवा वखारवाल्याचा होता. काल बंब जुना झाला होता. आज यंदा थंडीच फार आहे. उद्या बहुतेक नाशिकच्या गंगेचं, म्हणजे गोदावरीचं पाणीच मुळात गार असतं, असं सांगायला येशील. नाचता येईना, अंगण वाकडं!

जरा खाली वाक. कंबर मोडत नाही. बंबाच्या बुडाशी, जाळीच्या खाली, तळहाताएवढं एक दार आहे. राख ओढायची वेळ आली की तुला ते आठवतं. एरवी ते सताड उघडं असतं, नाहीतर गच्च बंद. त्या दाराचं दुसरं काम काय, हे तुला माहीत नाही का? माहीत आहे. म्हणून तर डोकं फिरतं.

ज्याला कळत नाही त्याला मी कधी रागावलो नाही. त्याला समजावून सांगतो, पुन्हा सांगतो, तिसऱ्यांदाही सांगतो. पण तू? मेकॅनिकलचा डिप्लोमा केलास. इंधन, हवा, ठिणगी, सगळं पाठ करून पहिल्या वर्गात पास झालास. गाडीचं मायलेज पडलं की सगळ्यात आधी एअर फिल्टर उघडून बघतोस. अख्ख्या काठे गल्लीत कुणाची गाडी अडली की तुला हाक मारतात. आणि घरच्या न्हाणीतला बंब पेटवायची वेळ आली की हे सगळं शहाणपण जातं कुठं? कळतं पण वळत नाही, ही जात सगळ्यात वाईट. अडाण्याला निदान शिकवता तरी येतं.

चल, आधी हिशोब. हिशोबाला घाबरतोस का? मग ऐक. तुझा बंब चाळीस लिटरचा. हिवाळ्याच्या सकाळी पाणी अठरा अंशांवर आहे असं धर. ते अठ्ठावन्नपर्यंत न्यायचं. म्हणजे चाळीस लिटर गुणिले चाळीस अंश. सोळाशे किलोकॅलरी. वाळलेलं लाकूड किलोला साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी देतं. त्यातली दोन तृतीयांश उष्णता वाया गेली असं समजू, तुझ्या आळसाला तेवढी सूट देतो. तरी किती लागलं? दीड किलोच्या आत. हा हिशोब आठवीतलं पोर पाटीवर करून दाखवेल. तू किती जाळतोस? कधी वजन केलंस? केलं नाहीस. कारण केलंस तर वखारवाल्याला शिव्या द्यायची सोय राहणार नाही.

आता तुझे दोन गुन्हे. होय, दोनच. पण दोन्ही रोजचे.

पहिला गुन्हा: सगळं सताड उघडं. खालचं दार उघडं, मधल्या नळीत गळ्यापर्यंत बंबफोड कोंबलेली, वरून ज्वाळा हातभर बाहेर. ढणाढणा आवाज येतो आणि तुला वाटतं, काय बंब पेटलाय! मोबाईल हातात, पाठ बंबाकडे. अरे, ती हातभर ज्वाळा नळीच्या बाहेर कुणाला अंघोळ घालतेय? पाणी नळीच्या भोवती आहे, न्हाणीच्या छतात नाही. जी ज्वाळा नळीच्या तोंडातून बाहेर दिसली, ती तुझ्या खिशातून गेली. छत काळं कशानं झालं, याचा कधी विचार केलास?

एक किलो कोरडं लाकूड पुरतं जळायला साधारण सहा किलो हवा लागते. म्हणजे सुमारे पाच घनमीटर. तेवढी हवा द्यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण तू देतोस त्याच्या कितीतरी पट. हवेत जळणाला उपयोगी पडणारा ऑक्सिजन एक पंचमांश. उरलेला जवळपास सगळा नायट्रोजन. तो फुकटचा पाहुणा. खालून गार आत येतो, निखाऱ्यावर तापतो, आणि तुझी उष्णता घेऊन वरून चालता होतो. जितकी जास्त हवा ओढशील, तितकी उष्णता पाण्याला न शिवता वर जाणार. नळी तापली की ओढ वाढते, ओढ वाढली की आग भडकते, आग भडकली की नळी आणखी तापते. हे चक्र थांबवायला जगात एकच गोष्ट आहे. तुझ्या पायापाशी, तळहाताएवढी.

दुसरा गुन्हा त्याहून मोठा. कारण तो तू शहाणपण समजून करतोस. कुणीतरी सांगितलं, हवा कमी केली की जळण जास्त वेळ टिकतं. ऐकलंस अर्धं, केलंस दुप्पट. नुकत्या पेटलेल्या लाकडावर खालचं दार खाडकन बंद. वर झाकण. झालं! जळण टिकलं. हो, टिकलं खरं. जळलंच नाही तर टिकेल नाही तर काय होईल? न्हाणीत धूर, बोळात धूर, शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांना वास, आणि पाणी? कोमट. मग तू म्हणतोस, हवा कमी करून काही फायदा होत नाही, सर. फायदा होत नाही हवेचा की अकलेचा?

धूर म्हणजे काय, सांग. पाठांतर नको, समजलेलं सांग. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी जातं. मग लाकूड स्वतः फुटतं, त्यातून वायू निघतात. लाकडाच्या वजनातला जवळपास तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघतो, उरलेला कोळसा. पिवळी ज्वाळा जी दिसते ती त्या वायूची. त्या वायूला हवा मिळाली तर ज्वाळा, नाही मिळाली तर धूर. म्हणजे तुझ्या खिडकीतून जो पांढरा-करडा लोट जातो, ते तू रोख पैसे मोजून आणलेलं लाकूडच आहे. न जळलेलं. उरलेलं नळीला आतून काळं, चिकट, डांबरासारखं होऊन बसतं. तो थर उष्णतेला अडवतो. मग उद्या तेवढ्याच पाण्याला आणखी लाकूड. परवा आणखी. आणि दोष वखारीला!

द्वारका चौक तू दिवसातून दोनदा ओलांडतोस. मुंबई-आग्र्याची गाडी, पुणे रोडची गाडी, रिक्षा, एसटी, मधूनच उलटा घुसणारा एखादा हुशार. सगळ्या बाजू एकदम सोडल्या तर काय होतं? पाहिलं आहेस. सगळ्या अडवल्या तर? तेही पाहिलं आहेस. तिथं उपयोगी पडतो तो हात वर करून उभा असलेला माणूस. ही बाजू थोडी सोड, ती थोडी थांबव, पुन्हा सोड. आगीपाशी त्या माणसाची जागा तुझी आहे. आणि तू ड्युटी सोडून टपरीवर चहा पितोयस!

आता नीट ऐक. पुन्हा सांगणार नाही. खरं तर पुन्हा सांगेन, पण तुला ते कळता कामा नये.

आधी राख काढ. सगळी नको, पण जाळीची भोकं मोकळी दिसली पाहिजेत. कालची राख तुंबलेली, वर आजची लाकडं, आणि मग फुंकणीनं गाल फुगवून फुंकत बसायचं, हा कुठला व्यायाम? जाळी हलव, चिमट्यानं भोकं मोकळी कर. नळीला आतून हात लावून बघ. बोटाला काजळी जाड लागली तर खरवड. आठवड्यातून एकदा केलंस तर मरणार नाहीस.

मग बंबात पाणी आहे ना, ते बघ. हसू नकोस. पाण्याविना पेटवलेल्या बंबाचा डाग सुटतो. पाणी असेपर्यंत तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी नसेल तर कथलाच्या डागाला वितळायला अडीचशे अंशही लागत नाहीत. भांडीबाजारात तांबटाकडे बंब घेऊन गेलास की तो तोंडानं काही बोलणार नाही, पण बंबाकडे एकदा आणि तुझ्याकडे एकदा बघेल. ते बघणं तुला परवडणार नाही. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या कामाची नोंद १८८३ च्या जिल्हा गॅझेटिअरात आहे. ज्या गावात हे काम पिढ्यान् पिढ्या चाललं, त्या गावात तू बंब कोरडा जाळणार?

आता पेटव. बारीक ढलप्या, वाळक्या काटक्या, खालचं दार पूर्ण उघडं. इथं कंजुषी नको. सुरुवातीला आग गार असते, नळी गार असते, ओढ नसते. आत्ता हवा तोडलीस तर फक्त धूर. लाकडं चहूबाजूंनी काळी पडून पेटली, ज्वाळा स्थिर झाली, वरून धूर दिसेनासा झाला, की मग दार अर्धं कर. घड्याळ बघू नकोस, लाकूड बघ. आवाज ऐक. ढणढण थांबून मऊ घुरघुर आली पाहिजे. ज्वाळा नळीच्या आत राहिली पाहिजे, बाहेर डोकावता कामा नये. काळपट, लोळणारी, टोकाला धूर सोडणारी ज्वाळा दिसली तर हवा कमी पडतेय. दार जरा उघड. पांढरी, ताठ, फुरफुरणारी दिसली तर जास्त होतेय. जरा लाव. इतकं साधं आहे. इतकं साधं आहे म्हणूनच तू करत नाहीस.

ज्वाळा उतरून निखारे राहिले की दार बोटभर फटीवर आण. आता वायू संपले, कोळसा उरला. कोळशाला हवा थोडी पुरते, आणि तो सावकाश जळतो. जळण टिकवायची वेळ ही. पेटताक्षणी नव्हे! पिवळी ज्वाळा आहे तोवर दार पूर्ण बंद करायचं नाही. एवढं एक वाक्य न्हाणीच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेव. भिंत नाहीतरी तू काळी केलीच आहेस.

आणखी पाणी लागणार असेल तर निखाऱ्यावर एक-दोन जाड तुकडे टाक. पसाभर ढलप्या नव्हे. बारीक तुकड्याला हवा चहूकडून भिडते, तो फडफडून संपतो. जाड तुकडा बाहेरून आत जळत जातो, वेळ घेतो. टाकल्यावर दार थोडं उघड, तुकडा धरला की पुन्हा ओढ. म्हणजे दोनदा वाकायचं. दोनदा! सूर्यनमस्कार घालायला सांगत नाहीये.

दार लावलं तरी आग भडकतेच, म्हणतोस ना? तेही खरं असेल. पण कारण शोधलंस? दार वाकलं आहे, कडेनं फट आहे, बूड जमिनीवर नीट टेकत नाही. उदबत्ती पेटव, दाराच्या कडेनं फिरव. जिथं धुराची रेघ आत ओढली जाते, तिथून हवा जातेय. चिखलराखेचा लेप दे, बंद होईल. उदबत्ती घरात आहे. राख तर तुझ्याकडे ढिगानं आहे. मग घोडं पेंड कुठं खातं?

आणि अंघोळी आटोपल्यावर? विस्तव पुरता विझला, राख गार झाली, की तेव्हा मात्र खाली-वर दोन्हीकडून झाक. नाहीतर त्याच नळीतून गार हवा वर चढत राहते आणि उरलेलं ऊन पाणी गार करून जाते. ज्या नळीनं पाणी तापवलं, तीच ते निववते. दुपारी आईला भांड्यांसाठी कोमट पाणी मिळत नाही ते यामुळे. विस्तव रात्रभर धुमसत ठेवायची तुझी हौस सोड. उष्णता साठवायची असेल तर पाण्यात साठव. पाणी धूर करत नाही.

आता तुझी कारणं घेऊ. एकेक. लपायला जागा देणार नाही.

“लाकूडच ओलं येतं.” येतं ना! ताजं तोडलेलं लाकूड जवळपास निम्मं पाणी असतं. ते पाणी वाफ करून घालवायला तुझंच लाकूड जळतं. मग ते थंडीच्या आधीच घे ना, कुणी अडवलंय? उन्हाळ्यात भर, फोडून ठेव, खाली विटा लावून रच, वर पत्रा टाक, कडा वाऱ्याला मोकळ्या सोड. दोन तुकडे एकमेकांवर आपट. ठणठण वाजले तर वाळले, धबधब वाजले तर नाही. टोकाला चिरा पडल्या का बघ. तू काय करतोस? थंडी पडल्यावर, निफाडचा पारा उतरल्याची बातमी वाचून, दुसऱ्या दिवशी वखारीत पळतोस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तेव्हा जे मिळेल ते ओलंच मिळणार.

“द्राक्षाच्या काड्या फुकट मिळतात, त्या जाळतो.” जाळ की. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, आपल्या जिल्ह्यात काड्यांना तोटा नाही. पण त्या काड्या पेटवायला चांगल्या, टिकवायला नाहीत. भाऱ्याच्या भारा कोंबून वर म्हणायचं, टिकत नाहीत? बागेतली जुनी खोडं मिळाली तर ती आण, काडी पेटवणीला ठेव. आणि प्लायचे तुकडे, रंगवलेल्या फळ्या, प्लास्टिकच्या पट्ट्या बांधलेली खोकी बंबात घालताना दिसलास तर मात्र कान पिळीन. त्यातला डिंक, रंग, प्लास्टिक जळून जे निघतं ते तुझ्या आईच्या आणि घरातल्या धाकट्याच्या छातीत जातं. फुकट म्हणजे स्वस्त, हे तुला कुणी शिकवलं?

“आजी असंच करायची.” आजीला मध्ये आणू नकोस. आजीनं मोजमाप केलं नाही, खरं. पण आजी बंबाशेजारी बसायची. तिचा हात चिमट्यावर, कान आगीकडे. ती निखाऱ्यावर राख ओढून ठेवायची आणि पहाटे तोच विस्तव उकरून फुंकायची. राख ओढणं म्हणजे हवा तोडणं, हे तिला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. आणि तिची न्हाणी वाड्याच्या मागल्या अंगणाला, कौलांतून आभाळ दिसणारी. तू तिची सवय उचललीस, लक्ष नाही. आणि न्हाणी तर मुळीच नाही.

आता हे थट्टेत घेऊ नकोस. तुझं नवं बाथरूम चारी बाजूंनी फरशीचं. खिडकी सरकती, थंडीत बंद. दार आतून कडी. आणि आत निखाऱ्यांवर हवा तोडलेला बंब! धूर दिसत नाही म्हणून तुला वाटतं, सगळं ठीक. अरे, हवा कमी पडलेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यात पाणी येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस कडी काढायला उठत नाही. गॅस गिझरच्या अशा बातम्या थंडीत वाचतोस ना? की वाचून पान उलटतोस? बंब वेगळा नाही.

म्हणून नियम. बंब उघड्यावर, नाहीतर ज्याचा धूर चिमणीतून थेट बाहेर जातो आणि खिडकी कधी बंद होत नाही अशा जागी. पाणी बादलीत काढून मग बाथरूममध्ये न्यायचं. विस्तव जिवंत असताना वरचं झाकण कधीही लावायचं नाही. हवा कमी करायची ती खालून. वरून कधीच नाही! डोकं दुखायला लागलं की “उपाशीपोटी असेल” म्हणायचं नाही, आधी बाहेर मोकळ्या हवेत जायचं. यावर चर्चा नाही.

तुला वाटत असेल, सर एका बंबासाठी एवढं काय ताणतायत. एक बंब? जगभरातल्या शहाण्यांनी या तळहाताएवढ्या दारासाठी आयुष्य घातलंय. अठराव्या शतकाच्या अखेरीला काउंट रम्फर्डनं म्युनिकमध्ये गोरगरिबांच्या स्वयंपाकघरांसाठी बंदिस्त चुली बांधल्या, तेव्हा राखेच्या कप्प्याला हवा कमी-जास्त करायची सोय ठेवली. चूल उघडी ठेवली की इंधन कसं उधळलं जातं, हे तो पानंच्या पानं लिहीत बसला. आपल्याकडे वर्ध्याला मगनवाडीत, जिथं १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं, तिथून मगन चूल निघाली. चिमणी असलेली, धूर घराबाहेर नेणारी. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये आरती संस्था काढली. त्या मंडळींनी शेतात जाळून टाकलं जाणारं उसाचं पाचट हवाबंद डब्यात तापवून त्याचा कोळसा केला. त्या कामाला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. हवा केव्हा द्यायची आणि केव्हा नाही, यातून कचऱ्याचं इंधन झालं. तू तीच हवा चुकीच्या वेळी देऊन इंधनाचा कचरा करतोस.

सरकारनंही १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. गावोगाव चुली बसल्या. त्यातल्या कितीतरी पुढे बंद पडल्या. का? चिमण्या काजळीनं तुंबल्या, कुणी साफ केल्या नाहीत. मोठी लाकडं जावीत म्हणून तोंडं फोडून रुंद केली, आणि हवेचा सगळा हिशोब बिघडला. चूल सुधारली, हात सुधारले नाहीत. आज आपल्या देशात लाकडाच्या फिरत्या चुलींना मानक आहे, आयएस १३१५२. पंखा नसलेल्या चुलीनं इंधनातली निदान पंचवीस टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे, असं ते म्हणतं. प्रयोगशाळेत ती देतेही. मग तुझ्यासारख्याच्या घरी येते, आणि ये रे माझ्या मागल्या!

तेव्हा मुद्दा लाकडाचा नाही, बंबाचा तर नाहीच. तुला आग हवी, पण तिच्याकडे बघायला नको. बटण दाबलं, झालं, असं हवंय. म्हणून तू एकतर सगळं उघडतोस, नाहीतर सगळं बंद करतोस. मधल्या जागेला लक्ष द्यावं लागतं, आणि लक्ष द्यायचं म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो. अभ्यासात तेच. वर्षभर दार बंद, परीक्षेच्या आठवड्यात सताड उघडं, चार रात्री भडका, मग राख. नोकरीच्या अर्जाचं तेच. एका दिवसात ढीगभर, मग महिनाभर धुमसणं. सांगू नकोस की तुझा स्वभावच असा आहे. स्वभाव म्हणजे पुन्हा पुन्हा केलेला आळस.

आळशाला गंगा दूर म्हणतात. तुझ्या घरापासून गंगाघाट चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि ते दार तर हाताच्या अंतरावर. आणखी किती जवळ आणून देऊ?

जमत नसेल तर तेही सांग. त्यात लाज नाही. गच्चीवर सोलर लाव. नाशिकच्या उन्हाला नावं ठेवायला जागा नाही. बंब विकून टाक, तांब्याला भाव आहे. पण बंब ठेवायचा, लाकूड जाळायचं, धूर शेजाऱ्याला द्यायचा, आणि “पुरत नाही हो सर” म्हणून माझ्याकडे येऊन रडायचं, हे चालणार नाही. पेटवायचं तर नीट पेटव, नाहीतर पेटवू नकोस.

उद्या सकाळी काय करायचं ते सांगतो. वाणसामानाचा काटा बाहेर काढ. वाळलेली बंबफोड दोन किलो मोजून बाजूला ठेव. तेवढीच. दाराच्या फटी लिंप. मोबाईल आईकडे दे. पहिली दहा-पंधरा मिनिटं बंबापाशी बस, दार अर्धं कर, मग बोटभर कर, आणि पाणी तापलं की उरलेलं लाकूड परत काट्यावर टाक. आकडा कागदावर लिही आणि दुपारी घेऊन ये. आकडा वाईट आला तरी चालेल, पुढच्या वेळी सुधारू. कागद कोरा आला तर मात्र पुढच्या वेळी सरपणाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.

“बघतो” म्हणालास? बघू नकोस. कर.